यंत्राचा निर्वंश

उदगीर जिल्हा झाला त्या वर्षी पाऊस सलग तिसऱ्यांदा हुकला. गावचा तलाव तळापर्यंत आटला, तेव्हा चंद्रावर धाडायच्या यंत्राची चाचणी त्या भेगाळल्या जमिनीवर घ्यायची ठरली. माती खणायची, भट्टीत वितळवायची आणि तिच्यातून आपल्यासारखंच दुसरं यंत्र घडवायचं, हे त्याचं काम. प्रोग्रॅम उमादेवीचा. ती याच गावची. प्रकल्पाचे प्रमुख किशनराव.

तळ्यातली काळी माती भट्टीत नीट वितळेना. काठावरच्या लिंगायत दफनभूमीतली तांबडी माती मात्र जमली.

"सर, तिथं माझ्या वडिलांची समाधी आहे," उमादेवी म्हणाली. "समाजाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"विचारू की," म्हणत किशनरावांनी तिला बैठकीला लातूरला पाठवलं.

ती परतली तर दफनभूमीची एक बाजू गायब. वडिलांच्या, मडिवाळप्पांच्या, समाधीच्या जागी खड्डा. शेजारी नवं यंत्र, अजून गरम. खड्ड्याच्या काठावर तिची आई, गौरम्मा.

"माझं मानूस कुठं हाय गं?"

उमादेवीनं नव्या यंत्राकडं बोट केलं.

किशनराव हसत आले. "पहिलं पिल्लू जन्मलं, उमा! आता चाचणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर पुढची पिढी काढू. समाजाची समजूत नंतर घालू."

उमादेवी भांडली नाही. मान खाली घालून कामाला लागली. नवं यंत्र घडवण्याची आज्ञा तिनं पिल्लातून पुसली, मूळ यंत्रातून पुसली, ठेवलेल्या प्रत्येक प्रतीतून पुसली.

"काय करायलीस?" आईनं विचारलं.

"त्याचा निर्वंश."

चाचणीला मांडव भरला होता. किशनरावांनी बटण दाबलं. पिल्लानं माती उकरली, वितळवली, तिच्या विटा पाडल्या आणि त्या तशाच टाकून पुन्हा उकरू लागलं. पुन्हा विटा. पाहुणे कुजबुजू लागले.

"उमा, बिघडलं काय?"

"काही बिघडलं न्हाई. मी केलंय." ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "माझ्या बापाच्या हाडांवर तुमचा वंश वाढणार न्हाई."

तिची नोकरी गेली, वर खटला झाला. किशनरावांनाही काढलं. प्रकल्प गुंडाळला, तेव्हा गावानं ते पिल्लू ट्रॅक्टरवर घालून दफनभूमीत आणलं, त्याच खड्ड्यात उतरवलं. कुणी अडवलं नाही. गौरम्मानं त्याच्या थंड पत्र्याला विभूती लावली आणि पहिली मूठ माती टाकली.

परतीच्या वाटेत ती म्हणाली, "किशनराव लई रडला म्हनं."

"रडू दे," उमादेवी म्हणाली.