उशाकडचा कोपरा

वैजनाथरावांची बंगई मी बुलढाण्याहून टेम्पोत घालून आमच्या बीबी गावी आणली, ती सागवानाची समजून. सात फूट लांब, तीन इंच जाड फळी, छताला टांगायच्या साखळ्यांसकट. त्यांच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये तिला जागा नव्हती. दारात माझ्यासारख्याच दुसऱ्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याची गाडी येऊन थांबली म्हणून मी घाई केली. उशाकडचा कोपरा चाकूने खरवडला, बोट फिरवलं. तेलकट लागलं. सागवान असंच लागतं. लगेच पैसे दिले.

जुन्या सागवानाला भाव आहे, कारण त्याचं आकसणं, वाकणं कधीच होऊन गेलेलं असतं. गावातल्या प्रेमानंद गुरुजींना नव्या घराच्या पुढच्या दारासाठी तसंच लाकूड हवं होतं. मी शब्द दिला होता. चौकटीचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचा.

दुपारी कचरू सुताराने फळी मशीनवर घातली. पहिला काप निघाला आणि त्याने मशीन बंद केलं.

"रहेमत, हे पाह्य बे."

भुसा पिवळा होता. हळदूचं लाकूड. सागवानाच्या निम्माही भाव नाही, आणि वाळवीही लागते.

"कोपरा तर तेलकट होता," मी म्हणालो.

"कोणता?"

"उशाकडचा."

कचरू हसायला लागला. "पन्नास वर्षं तिथं डोकं ठेवून झोपले असतीन लोक. तू त्यांच्या डोक्याचं तेल विकत घेऊन आला."

वैजनाथरावांना दोष देता येत नव्हता. आजोबांच्या वेळची आहे, एवढंच ते म्हणाले होते. सागवान मीच म्हणालो.

"पॉलिश मारू," कचरू म्हणाला. "दहा वर्षं कोणाले समजत नाही. तवा तू कुठं अन् मी कुठं."

मी बाहेर आलो, परत आत गेलो. चहा मागवला, तो तसाच राहिला. असरच्या नमाजात किती रकात, किती आवर्तनं झाली ते आठवेना. कापलेल्या तुकड्यांवर पोतं टाकलं आणि थोड्या वेळाने तेच पोतं उचलून पाहिलं.

दिवस मावळायच्या आत गुरुजींच्या घरी गेलो. दाराच्या जागी भिंतीत मोकळी जागा होती. त्यांच्या पत्नी सुचिताताई पूजेचं ताट लावत होत्या.

"गुरुजी, ते लाकूड सागवान नाही. चूक माझी आहे."

गुरुजी विटांच्या थप्पीवर बसले. "चाचा, उद्या पाहुणे येऊन राह्यले. तुम्ही सांगितलं नसतं, तर मले समजलं असतं का?"

"तुमाले नसतं. वाळवीले समजलं असतं."

ते हसले नाहीत. सुचिताताईच म्हणाल्या, "आपल्यात पूजा तर उंबरठ्याचीच होते. तेवढा तरी आणता का?"

दुकानात एक तुळईचा तुकडा होता. बारा वर्षं मी त्याच्यावर बसून गिऱ्हाइकांशी बोलतो. कचरूने चाकू काढला तेव्हा मी म्हणालो, "खालून खरवड. वरून नको, वर मी बसतो." खालचं लाकूड तपकिरी निघालं आणि सागवानाचा तो चामड्यासारखा वास आला. तरी मी दोनदा हुंगलं.

सकाळी उंबरठा सिमेंटमध्ये बसला. हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला. दोन्ही बाजूंना, वर काहीच नव्हतं. तरी पाहुणे मात्र वाकून, उजवा पाय आधी टाकून, त्याला ओलांडूनच आत गेले.

गुरुजींनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "बाकीच्या तीन बाजू?"

"आणतो."

"खरवडून?"

"चारी कोपरे, गुरुजी."

दहाच्या बसने बाकीचं सागवान शोधायला बुलढाण्याला निघालो. बसायला जागा होती. तीन बाजू अजून बसायच्या होत्या; मी उभाच राहिलो.