दुपारी तीनचा रिपोर्ट

मित्रांनो, मी भोकरदनच्या एका घरातले जुने श्वासयंत्र आहे. झोपेत ज्यांचा श्वास अडतो, त्यांच्या नाकावरच्या मास्कमध्ये नळीतून हवा ढकलणे, एवढेच माझे काम.

माझे मालक कल्याणभाऊ भोकरदन ते जालना जीप चालवतात. झोपेत श्वास अडायचा, म्हणून दिवसा स्टिअरिंगवर त्यांचे डोळे मिटायचे. मी आले आणि पेंग थांबली. माझे कौतुक झाले. दैवशालावहिनी माझा मास्क रोज धुऊन सावलीत वाळवायच्या.

मग जीपस्टँडवर अंगद ड्रायव्हरने शंका पेरली. "कल्याण, मशीनच्या हवेनं मर्दाचं हार्मोन आटतं म्हणे. मिशी बघ, पातळ होऊन राह्यली!"

सारे हसले. कल्याणभाऊंनी मात्र आरशात दोनदा मिशी पाहिली. सकाळच्या फेऱ्या कोण सोडणार? त्या उरकून त्यांनी जालन्यात तपासणीसाठी रक्त दिले. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेच हार्मोन, मी येण्याआधीच्या तपासणीपेक्षा बरेच कमी निघाले. त्याच दिवशी मी माळ्यावर गेले.

खरे सांगू? मलाही माझा संशय येऊ लागला. माझ्या हवेतच काही असेल का? स्वतःच्या आत कोणाला पाहता येते?

आठव्या दिवशी जीप रस्ता सोडून कपाशीत शिरली. आत बारा माणसे होती. कोणाला लागले नाही, एवढेच नशीब.

"डोळा लागल्ता," कल्याणभाऊ मान खाली घालून म्हणाले.

वहिनींनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. "अहो, हे बघा. पहिलं रक्त सकाळी आठला दिल्तं, जीप गॅरेजला होती तवा. हे दुपारी तीनचं. मशीनवर आळ घेता, अन् घड्याळ न्हाई बघितलं?"

डॉक्टर म्हणाले, "हे हार्मोन सकाळी जास्त असतं, दुपारी उतरतं. महिनाभर मशीन लावा आणि सकाळीच या."

मी माळ्यावरून खाली आले. महिन्याने सकाळची एक फेरी बुडवून भाऊ गेले. आकडा जवळपास पहिल्याइतकाच आला.

"मंग मशीननं वाढलं बी न्हाई?"

"नाही. श्वास चालू ठेवणं, एवढंच त्याचं काम."

हे ऐकून मला जरा वाईट वाटले, मग हायसे वाटले.

मित्रांनो, माझ्यावर शंका जरूर घ्या. मास्क धुतला का, गाळणी बदलली का, रिपोर्ट कोणत्या वेळचा, सारे विचारा. पण शंका फिटेपर्यंत मला माळ्यावर टाकू नका. कल्याणभाऊ अजूनही माझी नळी हुंगून बघतात, आरशात मिशी चाचपतात. चाचपू देत. सकाळी सहाला त्यांच्या मागे बारा माणसे बसतात, आणि भाऊंचे डोळे उघडे असतात.