एक वाढीव अट

सरांनी सावकाश चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "व्याख्येत एक अट वाढव. मग तुझा तो अवकाश आपोआप बाहेर पडतो."

भिंगरीला आधी वाटलं, सर थट्टा करताहेत. गणित विभागात तिला हे नाव पडलं होतं ते छत्रीमुळे. संशोधन कशावर करतेस, असं कुणी विचारलं की ती दारामागची छत्री उघडून दांड्याभोवती अर्धी फिरवायची. दांडा जागचा हलत नाही, प्रत्येक काडी समोरच्या काडीच्या जागी जाते, आणि छत्री होती तशीच दिसते. संपर्क भूमिती या तिच्या शाखेतल्या अवकाशात प्रत्येक बिंदूतून असा एक दांडा जातो. कुठल्याही दांड्याभोवती अर्धी फेरी दिली तरी सगळी अंतरं तशीच राहिली, तर तो अवकाश सममित. असे सगळे अवकाश चार कुळांत बसतात, हे सरांनी तरुणपणी सिद्ध केलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं. भिंगरीला पाचवं कूळ सापडलं होतं.

"पण तो परीक्षेत पास होतो, सर. तुम्हीच तपासलंत."

"अगं, पास होतो म्हणूनच परीक्षा कडक करायची."

"खुर्च्या चारच आहेत म्हणून पाचव्या माणसाला माणूसच म्हणायचं नाही?"

"तोंड फार चालतं तुझं. प्रबंधावर सही माझी लागते, एवढं ध्यानात ठेव."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिनं ऐकलं होतं. पाऊल चुकलं म्हणून अंगणच खणायला निघालेला माणूस ती आज पाहत होती. आणि याच माणसानं तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, की उदाहरणाशी भांडू नये, शेवटी तेच जिंकतं.

दुपारी विभागापुढे तिचं व्याख्यान होतं. तिनं फळ्यावर व्याख्या लिहिली आणि पूर्णविराम दिला.

पहिल्या रांगेतून सर म्हणाले, "एक अट राहिली."

"राहिली नाही, सर. मी घातली नाही."

मागून कुणीतरी विचारलं, "कसली अट?"

"ती सरांना विचारा. मी पाचवं कूळ दाखवते."

ती रागातच लिहू लागली. पहिली ओळ वाकडी आली. तिनं ती पुसली आणि सरळ लिहिली. मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या ओळीला सरांनी जुन्या सवयीनं पेन काढलं आणि मान खाली घालून ते उतरवून घ्यायला लागले.

ते सही करतील की नाही, तिला ठाऊक नव्हतं. पण आता ते कूळ सगळ्यांनी पाहिलं होतं.