साडीतला घड

माकडं धरणाऱ्या पिराजीचा पिंजरा टेम्पोतून पामच्या बागेत येऊन उभा राहिला, तेव्हा आपण हरलो असं डॉ. पूर्णिमाला क्षणभरही वाटलं नाही. गडहिंग्लजपलीकडचा माळ, ऊस मोडून लावलेली पामतेलाची झाडं आणि ओढ्याकाठच्या जांभळींवरची माकडांची टोळी, एवढंच तिचं जग झालं होतं. मलेशियातल्या पामबागांत माकडांमागे हिंडून ती डॉक्टरेट घेऊन आली होती. पण संशोधनाचं बिऱ्हाड तिने कोडोली या आपल्या गावाच्या जिल्ह्यातच मांडलं. आज टोळी पकडून घाटात सोडली, की ते बिऱ्हाड मोडणार होतं. आणि परक्या रानात, तिथल्या टोळ्यांच्या दातांपुढे, निम्मी माकडंही तगली नसती.

"बाई, लई ऐकलं तुझं," गणपतराव म्हणाले. बाग त्यांची. "घडाघडावर दात उठल्यात. आता बास!"

"दात कुणाचे, काका?"

"माझ्या सासऱ्याचे!"

पिराजी खो खो हसला. चहा घेऊन आलेल्या चिमणाबाईंनी नवऱ्याकडे, गणपतरावांकडे, असं पाहिलं, की पिराजीचं हसू मध्येच विरलं.

रानडुकरं बुजावीत म्हणून या भागात बांधाला जुन्या साड्या बांधतात. गणपतरावांनी ती युक्ती पुढे रेटून प्रत्येक घडालाच साडी गुंडाळली होती. माकडाचा हात आत पोचू नये म्हणून. दुरून बाग मुक्या लग्नघरासारखी दिसे: रंगच रंग, सनई नाही. साड्या बांधल्यापासून नासाडी उलट वाढली होती. गणपतरावांच्या मते माकडं चिडली होती. पूर्णिमाला त्या रंगांच्या आत निराळाच संसार ऐकू येत होता.

"गाठ पक्की असलेला कुठलाही घड दाखवा," ती म्हणाली. "आत फळं शाबूत निघाली, तर पिंजऱ्याचं दार मी धरते."

"आन कुरतडल्याली निघाली तर?"

"तर माकडानं गाठ सोडली, फळ खाल्लं आणि परत गाठ मारली, हे मला समजावून सांगा."

गणपतरावांनी कमरेएवढ्या उंचीवरचा एक घड निवडला. गाठ त्यांचीच; सोडवताना त्यांचीच बोटं दुखली. पदर सुटला आणि दोन उंदीर त्यांच्या धोतरावरून उड्या टाकून पळाले. आत रेशमी चिंध्यांचं मऊ घरटं होतं. भोवतीच्या फळांवर जोडदातांच्या बारीक चरी होत्या.

"अगं बया, माझी इरकल!" चिमणाबाई ओरडल्या. "अवो, ही जुन्यातली व्हय? भावानं घेतल्याली माझ्या!"

"हाताला घावली ती बांधली की," गणपतराव पुटपुटले. मग ते पूर्णिमाकडे वळले. "म्हंजी तुझी माकडं उंदरं खात्यात, म्हण की. तिकडं मलेशियात खात्यात, असं तूच मागं बोलली हुतीस. तेवढं म्हण, आन मिटलं."

एका होकाराचं काम होतं. तो तिच्या ओठांशी आलाही.

"तिकडची खातात. इथली खाताना मी अजून पाहिली नाहीत."

"मग ठेवून काय उपेग?" पिराजीने पिंजऱ्याची कडी वाजवली.

"उपयोग मला माहीत नाही. पण टोळी नेली म्हणून काकांचा एकही घड वाचणार नाही, हे आता तुम्हीही पाहिलंत."

गणपतराव घरट्यातली चिंधी बोटांत चोळत राहिले.

"व्हय म्हणाली असतीस, तर मी मानलं असतं की गं."

"आणि पुढच्या हंगामात, उंदीर तसेच राहिल्यावर?"

त्यांनी चिंधी खाली टाकली. मग म्हणाले, "पिराजी, टेम्पो वळीव. का उंदरं धरतोस?"

"उंदरं? मी माकडवाला हाय, काका. काय इज्जत?"

टेम्पोचा आवाज बांधापलीकडे गेला आणि जांभळीवरून एक थोराड माकडीण उतरली. उघड्या घडापाशी येऊन तिने घरटं हुंगलं, उंदीर पळाले त्या बाजूला ढुंकूनही पाहिलं नाही, आणि एक पिकलं फळ तोडून निघून गेली.

"बघ! खातंयच की!" गणपतराव ओरडले.

"एक फळ," पूर्णिमा शांतपणे म्हणाली, आणि पुढच्या झाडाच्या गाठीला हात घातला.