गुरगुर माझी नव्हती

मी गिअरबॉक्स बोलतोय. चाकांवर चालणाऱ्या एका जुन्या घराच्या पोटाखाली, ड्रायव्हरच्या सीटच्या जरा मागे माझा मुक्काम. पुढे इंजिन, मागे चाकं, आणि मधे मी. चढावर बळ पुरवायचं, सपाट रस्त्यावर वेग. घरात मधे पडणाऱ्या माणसाचं जे होतं तेच माझं झालं. काही बिनसलं की पहिला संशय माझ्यावर.

कारखान्यात माझे दात घासूनपुसून एकमेकांत बसवले, तेव्हा मी किती ऐटीत होतो! पहिल्या मालकांनी सुट्ट्यांमध्ये भरपूर हिंडवलं. मग त्यांची मुलं मोठी झाली आणि आम्हाला एका शेडमध्ये ढकलून सगळे विसरून गेले. माझ्यातलं तेल काळं पडलं. वरच्या स्वयंपाकघरात उंदरांनी बाळंतपणं उरकली. आता आपलं काही खरं नाही, असं मी धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात काका-काकू आले. काका घड्याळं दुरुस्त करणारे, काकू कपडे शिवणाऱ्या. दोघांनी राहतं घर सोडून आमच्यातच संसार थाटला. काकांनी दात घासायच्या जुन्या ब्रशने माझं अंग घासून काढलं. इतकं कौतुक माझं जन्मात कोणी केलं नव्हतं. काकूंचं सगळं दुकानच बरोबर होतं: लोखंडी पायाचं शिलाई मशीन, कापडाची ठाणं आणि बेतायचं जाडजूड लाकडी टेबल. ते सगळं सीटच्या पाठीमागे मांडलं होतं.

दिवस बरे चालले होते. मग एका थंडीत गुरगुर सुरू झाली. गाडीने वेग घेतला की खालून घुमायला लागायचं, कपाटातल्या बशासुद्धा थरथरायच्या. घड्याळाची टिकटिक ऐकून रोग ओळखणारे काका लगेच म्हणाले, "गिअरबॉक्स गेला."

मी जिवंत होतो हो. पण सांगणार कसं? काकांनी आवाज दाबायला मला भलतंच घट्ट तेल पाजलं. त्याने गुरगुर तर थांबली नाहीच, उलट माझे गिअर अडकायला लागले आणि माझ्यावरचा आळ पक्का झाला.

शेवटी आम्ही गॅरेजमध्ये पोचलो. मिस्त्रींनी सरळच सांगितलं, "ह्याच्या जोडीचा आता कुठे मिळायचा नाही, काका. आत दात गेले असतील तर गाडी भंगारातच घालावी लागेल." गाडी जॅकवर चढवायची होती, म्हणून दोघं सामान उतरवू लागली. भांडी, गाद्या, मशीन, ठाणं, टेबल, सगळं गॅरेजच्या अंगणात आलं. आपलं घर असं उघड्यावर पडलेलं बघून काकांनी दोनदा चष्मा पुसला. मला वाईट वाटलं आणि रागही आला. मी केलं काय होतं?

"उघडायच्या आधी एकदा आवाज ऐकू," म्हणून मिस्त्री काकांना शेजारी बसवून मोठ्या रस्त्यावर निघाले. वेग वाढला. कुठे काही नाही. आणखी वाढला, तरी सगळं शांत.

"रोज येतो हो," काका ओशाळून म्हणाले. "तुमच्यासमोर मुद्दाम गप्प बसलाय."

"दवाखान्यात गेल्यावर पोट दुखायचं थांबतं, त्यातली गत," मिस्त्री हसले.

परत आलो तर काकू अंगणात टेबलावर पाय सोडून बसलेल्या. मिस्त्री त्या ढिगाकडे बघत राहिले. "काकू, हे एवढं जड टेबल-मशीन गाडीत कुठे असतं?"

"एकदम मागे, पलंगाच्याही पलीकडे. ह्यांना मशीनची खडखड सहन होत नाही. थंडीच्या सुरुवातीला मला दुकानासकट तिकडे धाडलंय."

"आणि गुरगुर कधीपासून?"

काका जमिनीकडे बघायला लागले. काकू म्हणाल्या, "त्यानंतरच की."

खात्रीसाठी दुकान परत मागे चढवलं. गाडी रस्त्यावर गेली आणि गुरगुर हजर. परत आल्यावर मिस्त्री खाली वाकून बघतात तो काय, मागच्या चाकांच्याही मागे एवढं ओझं, त्याने गाडीची पाठ बसलेली आणि नाक वर. माझी ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा त्यामुळे भलत्याच तिरक्यात फिरत होता आणि त्याचा सांधा झिजून थरथरत होता. मला दांड्याचीही दया आली. बिचारा बोलत होता तो आणि बोलणी खात होतो मी.

सांधा नवा बसला, मागच्या स्प्रिंगच्या दबलेल्या पाट्यांना आधार मिळाला. माझं घट्ट तेल खाली काढलं, तेव्हा खरंच माझा जीव भांड्यात पडला. भांडं म्हणजे मिस्त्रींचं घमेलं, एवढंच. बेताचं पातळ तेल भरून माझं तोंड बंद करताना मिस्त्री म्हणाले, "जुन्या तेलात लोखंडाचा कीस नाही, म्हणजे दात शाबूत आहेत. अजून पुष्कळ चालेल." हे वाक्य मी अजून मनात घोळवत असतो.

तुम्हालाही विनवणी एकच. कुठे आवाज आला की लगेच मला उघडायला घेऊ नका. घरात अलीकडे काय हललंय, ते आधी बघा.

काकूंचं दुकान पुन्हा सीटच्या पाठीमागे, जुन्या जागेवर आलंय. काल संध्याकाळी तळ्याकाठी थांबलो. काका घड्याळ उघडून बसले आणि त्यांच्या डोक्यामागे मशीन सुरू झालं.

"त्रास होतोय का? बंद करू?" काकूंनी विचारलं.

"चालू दे," काका म्हणाले. "हा आवाज कुठून येतो ते तरी कळतंय."