पलंगाखालची टोपली

कोरोतुमूने टोपली पायानेच ढकलत सुनेच्या पलंगाखाली सरकवली आणि वर जुन्या गोधडीची आणखी एक घडी टाकली.

"आई, दुसरीकडे कुठेच जागा नाही का?" सनाताने डोक्याचा रुमाल सोडून नाकाला लावला.

"बाहेर गार वारा सुटलाय. चुलीची भिंत तुझ्याच खोलीला लागून आहे. थंडीत बिया बिघडतात."

टोपलीत नेरेच्या झाडाच्या बिया होत्या. दिवसभर उकडलेल्या, राखेने चोळून सालं काढलेल्या, पुन्हा उकडून पानांत दाबलेल्या. तीन दिवसांत आंबून त्यांचा सुम्बाला मसाला होणार. तो चिमूटभर भातात पडला की अख्खं गाव बोटं चाटतं, मान्य. पण ते तीन दिवस ज्याच्या उशाशी जातात त्याला विचारा. दुसऱ्या दिवशी बियांना घाम सुटतो, तिसऱ्या दिवशी राखाडी, बुळबुळीत लाळ. बोट लावलं तर तार निघते. आणि वास असा, की मुतारीत कुणी जुनी चामडी उकडत ठेवलीय. त्यात सनाताला तिसरा महिना. पाण्याचा घोटसुद्धा त्या वासाने बरबटून यायचा.

"शहरात मी दवाखान्याची फरशी पुसायचे," ती म्हणाली. "तिथली नर्स सांगायची, ऊब, ओल आणि खायला मिळालं की जंतू माजतात. आम्ही औषध ओतून मारायचो त्यांना."

"मी पांघरूण घालते," म्हातारी म्हणाली. "लेकरांना तरी आणखी काय लागतं?"

लेकरं म्हणे. सनाताला शिसारी आली. गेले दोन महिने हेच चाललं होतं. ती तोंड दाबून अंगणात पळाली की सासू दारात उभी असायचीच, तिचं तोंड न्याहाळत. मग मुकाट्याने आत जाऊन टोपली बाहेर काढायची. सुनेला ओकताना बघून हिचं पोट भरतं की काय? नवरा सीमेपलीकडे कोकोच्या मळ्यात. गाऱ्हाणं सांगायचं कुणाला?

या खेपेची टोपली गावातल्या मिनातासाठी होती. शुक्रवारी तिचे वडील जाऊन चाळीस दिवस होणार, दोनशे माणसांचा भात. तिला कोरोतुमूचाच सुम्बाला हवा होता. तीस वर्षांत या घरच्या टोपलीने कुणाचं पोट बिघडवलं नव्हतं.

मंगळवारी सासू बाजाराला गेली तशी सनाताने टोपली ओढून मागच्या अंगणात वाऱ्यावर ठेवून दिली. दिवसभर तिला माणसासारखा श्वास घेता आला. संध्याकाळी टोपली गुपचूप जागेवर. बुधवारीही तेच.

गुरुवारी मिनाता घमेलं घेऊन अंगणात येऊन बसली. कोरोतुमूने आत गोधडी उचलली. सनाताचा हात आधीच नाकाशी गेला होता, पण नेहमीचा भपकारा आलाच नाही. आला तो आंबट, मेलेल्या उंदराचा वास. तो घशात लाळेसारखा साचला. बियांना चिकटा होता, पण तो नासल्याचा.

कोरोतुमूने वाकून टोपलीत पार नाक घातलं. मोठा श्वास घेतला. तिच्या तोंडावरची एक रेषसुद्धा हलली नाही. मग तिने मान वर करून सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. किती तरी वेळ.

"झालाय ना?" ती म्हणाली.

एवढी सडकी टोपली नाकाखाली, आणि ही मला विचारतेय. दोन महिने ही दारात का उभी राहत होती, ते तिला आत्ता कळलं.

बाहेरून मिनाताची हाक आली, "मावशी, आणताय ना? का टोपली सासरी पाठवताना रडताय?"

गप्प बसलं असतं तर सासूचं नाव गावभर बुडालं असतं आणि पुन्हा कधी ही टोपली पलंगाखाली आली नसती.

"आई, देऊ नका," सनाता हळू म्हणाली. "नासलंय. मी दोन दिवस वाऱ्यावर ठेवली होती."

कोरोतुमूचे हात गोधडीवरच थांबले.

"पावसाळ्यातल्या तापापासून," ती म्हणाली, "धुराचा वाससुद्धा कळत नाही गं मला."

मग उठून ती अंगणात गेली.

"मिनाता, माझ्या हातून टोपली बिघडली. दुसरीकडे बघ."

"तुमच्या हातून?"

"माझ्याच."

मिनाता रिकामं घमेलं काखेत मारून निघाली. कुंपणापर्यंत ती काहीतरी पुटपुटत होती.

आठवड्याने नव्या बिया उकडल्या. टोपली या वेळी सनातानेच पलंगाखाली ओढली, भिंतीला चिकटवली आणि आपली शाल वर टाकली. तिसऱ्या सकाळी ती कुंपणाशी भडाभडा ओकली. सासू पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"झालाय वाटतं."

सनाताने चूळ भरली. आत जाऊन शाल उचलली, डोळे मिटले आणि टोपलीत तोंड घातलं. पोटात पुन्हा ढवळून आलं. तिने ते गिळलं.

"नाही आई," ती म्हणाली. "अजून एक दिवस."