लोहारशाळेतला भाता आणि मोठे साहेब

मित्रांनो, मी या किल्ल्यातल्या लोहारशाळेतला एक जुना भाता आहे. दोरी ओढली की माझं कातडी पोट फुगतं, सोडली की सगळी हवा भट्टीत जाते आणि निखारे लाल होतात. माझ्यावाचून इथे एक खिळा वाकला नसता. फुशारकी म्हणून सांगत नाही हं. बरं, थोडी आहे फुशारकी.

पुढे लोहार गेले, भट्टी विझली. मग संग्रहालयवाल्यांनी मला काचेच्या कपाटात बसवलं आणि वर पाटी लावली, ‘हात लावू नये’. दरवर्षी माझ्या लाकडाला पॉलिश व्हायचं, पण कातड्याला तेलाचं बोट लावायचं कुणाला म्हणून सुचलं नाही! बाहेरून मी नवरदेवासारखा चकचकीत आणि पोट मात्र वाळून कडक.

मग मुलांचे उपक्रम घेणाऱ्या एक ताई आल्या. “इतिहास हाताला लागला पाहिजे,” म्हणाल्या, आणि त्यांनी भट्टी पुन्हा पेटवून मला बाहेर काढलं. मुलं दोरी ओढायची, लोखंड तापवून आकडा वळवायची, मिरवत घरी न्यायची. मी तर हुरळूनच गेलो.

संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांना मात्र हे पसंत नव्हतं. “मी स्वतः येऊन बघतो,” ते म्हणाले. “मोडतोड दिसली, तर भाता परत कपाटात!”

आले. दोरीपाशी बसले. ओढून सोडली मात्र, माझी वाळलेली शिवण उसवली आणि असा काही आवाज निघाला, की काय सांगू! लोहारशाळा चिडीचूप. सगळी मुलं साहेबांकडे बघायला लागली.

“मी नाही! हा भाता!” साहेब ओरडले.

“असू दे हो आजोबा, होतं कधीकधी,” त्यांची नात समजुतीनं म्हणाली. त्या दिवशी आलेल्या मुलांत तीही होती.

मग जो हशा पिकला! माझं धाबं दणाणलं. पण साहेब इरेला पेटले. कोट काढून दोरी ओढतच सुटले. आवाजावर आवाज निघाले, पण निखारेही लालबुंद झाले. लोखंड तापलंच होतं, तेव्हा ताईंनी त्यांच्या हातात हातोडा दिला. साहेबांनी आकडा वळवला. वाकडातिकडाच झाला, पण ते तो किती वेळ न्याहाळत बसले.

“मुलांनी ओढून फाटला ना हा?” त्यांनी विचारलं.

“नाही साहेब. कपाटात वाळून फाटला,” ताई म्हणाल्या.

साहेबांनी माझ्या उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं. “मग शिवून घ्या. आणि राहू दे इथेच.”

माझा जीव भांड्यात पडला. मुलांनी मला ठिगळ लावलं, तेल चोळलं.

नातीनं घरी सगळं रंगवून सांगितलं होतं. म्हणून रविवारी साहेब तिच्या आजींना घेऊन आले, खास तो आवाज ऐकवायला. घाम फुटेपर्यंत दोरी ओढली त्यांनी. पण शिवण इतकी पक्की बसली होती, की माझ्यातून हूं की चूं नाही.

“बरं, बरं. चला आता घरी,” आजी म्हणाल्या.

मित्रांनो, इकडे आलात तर मला जरूर हात लावा. दोरी बेतानं ओढा, जाताना थोडं तेल चोळा. साहेबांनी मला वाचवलं, मला काही त्यांना वाचवता आलं नाही. तेव्हा आजी कुठे भेटल्या तर माझ्यासाठी एवढं कराच. त्यांना सांगा, तो आवाज माझाच होता.